येरमगुड्याची फेरी

फॅक्सचा कागद भिजू नये म्हणून शब्बीरभाईंनी तो शर्टाच्या आत घालून आणला होता. तहसील कचेरीपासून मैदानापर्यंत ते सायकलवर आले होते. तंबूत शिरून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"मॅडम, नागपूरहून आला. ऑफिसवाले म्हणत होते, लगेच द्या."

पावणेबारा वाजले होते. मी डबा उघडला होता, तो तसाच राहिला.

ही सोळा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात पूर आला होता, भामरागडकडची शंभरएक गावं तुटली होती, आणि आमच्या लहानशा खाजगी कंपनीचं एक हेलिकॉप्टर प्रशासनानं औषधं नि तांदूळ पोचवायला घेतलं होतं. अहेरीतल्या एका शाळेच्या मैदानावर आमचा तळ होता. माणसं तीन. कॅप्टन रणदिवे वैमानिक होते; सैन्यात वीस वर्षं बर्फातल्या चौक्यांवर हेलिकॉप्टर उतरवून आलेले. शब्बीरभाई नागपूरचे, पन्नाशीचे, हातानं काम करणारे तंत्रज्ञ. आणि मी, हेमलता पुसाळकर, मिरजेची, देखभाल अभियंता. प्रत्येक उड्डाणाआधी यंत्र तपासून वहीत सही करायची, हे माझं काम. माझी सही नसेल तर हेलिकॉप्टर जमिनीवरून हलत नसे.

फॅक्स हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांचा होता. परदेशात सहा आठवड्यांत दोन ठिकाणी मुख्य पंख्याचं पातं हवेतच तुटलं होतं. सात माणसं गेली होती. पात्याच्या मुळाशी, जिथे ते पंख्याच्या मध्याला जोडलेलं असतं, तिथे आतल्या थरात तडा जात होता. बाहेरून तो दिसत नव्हता. पुढे क्रमांकांची यादी होती आणि खाली एक ओळ: या क्रमांकांची पाती पुढच्या उड्डाणाआधी काढून टाकावीत. 'पुढच्या उड्डाणाआधी' या शब्दांखाली रेघ होती.

मी नोंदपत्रकं काढली. आमच्या पंख्याला तीन पाती. त्यातल्या दोन पात्यांचे क्रमांक यादीत होते. तरी मी शिडी लावून वर चढले आणि पात्यांवर कोरलेले आकडे बोटानं पुसून वाचले. तेच होते.

नागपूरला फोन लावला. तिथल्या शेडमध्ये यादीत नसलेल्या, जुन्या क्रमांकांची तीन पाती होती. ट्रकमध्ये चढवतो म्हणाले, पण चामोर्शीच्या पुढे रस्त्यावर पाणी आहे, उद्या सकाळच्या आत पोचणार नाही.

मी हेलिकॉप्टरच्या दाराला उड्डाणबंदीची लाल पट्टी बांधली. रणदिवे शाळेच्या वऱ्हांड्यात दाढी करत होते. त्यांनी पट्टी पाहिली, तोंड पुसलं, कागद वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या तर उद्या."

एवढ्यावर सगळं राहिलं असतं. पण वीस मिनिटांनी सरकारी दवाखान्याची जीप मैदानात आली आणि डॉक्टर कुंभलकर खाली उतरले. ते छत्री घ्यायलाही थांबले नाहीत.

"कॅप्टनसाहेब, येरमगुड्याला जायचं आहे. आत्ताच्या आत्ता."

येरमगुडा म्हणजे पर्लकोटा नदीच्या पलीकडचं, माडिया आदिवासींचं चाळीस-पन्नास घरांचं गाव. तिथल्या नर्सबाईंचा वायरलेसवर निरोप आला होता. आश्रमशाळेतल्या मट्टामी गुरुजींची बायको परवा रात्रीपासून अडली होती. मूल आडवं होतं, हात बाहेर आला होता.

"ऑपरेशनशिवाय काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "नाव जाऊ शकत नाही, पाणी पाहिलं ना तुम्ही. हेलिकॉप्टरनं पाऊण तासात आणता येते तिला. टेबल तयार ठेवून आलो आहे मी."

रणदिवे माझ्याकडे बघू लागले. मी डॉक्टरांना कागद दाखवला, अर्थ सांगितला.

"पण तडा आहे की नाही?"

"ते इथे कळत नाही. पातं कापून, यंत्राखाली घालून बघावं लागतं."

"म्हणजे नसूही शकते."

"नसूही शकतो."

डॉक्टरांनी डोकं हलवलं. "मॅडम, मी तुम्हाला खरं सांगून राहिलो. उद्या दुपारपर्यंत ती बाई राहत नाही."

मग रणदिवे बोलले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

"पुसाळकर, याच पात्यांवर आपण आठ दिवसांत तीस तास उडलोय. काल संध्याकाळी साडेपाचला उतरलो. कागद आला म्हणून तडा आला का?"

"तडा असेल तर तो कालही होता."

"काल आपण परत आलो."

"हो."

ते शिडीवर चढले, खिशातून नाणं काढलं आणि पात्याच्या मुळापासून टोकाकडे टकटक करत गेले. थर सुटला असेल तर तिथे आवाज बद्द येतो. सगळीकडे आवाज स्वच्छ आला. त्यांनी वरूनच माझ्याकडे बघितलं. आतला तडा अशा वाजवण्यानं कळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

खाली उतरून ते माझ्याजवळ आले आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "हा कागद तुम्हाला दोन वाजता मिळाला असता तर? पावसाचे दिवस आहेत. सायकल पंक्चर झाली. कुणी विचारणार नाही."

शब्बीरभाई दुसरीकडे बघायला लागले.

मी लगेच नाही म्हटलं नाही. एवढं मला कबूल करायला हवं. मी हिशेब करत होते. येताना हेलिकॉप्टरमध्ये रणदिवे, डॉक्टर, ती बाई आणि तिचा नवरा असणार होते. चार माणसं आणि पोटातलं एक. दुसऱ्या बाजूला ती एकटी, आणि तिच्या पोटातलं. पण दुसरी बाजू नक्की होती आणि पहिली नव्हती, त्यामुळे हिशेब लागत नव्हता. रणदिवे वाट बघत होते. आणखी एक मिनिट तशीच उभी राहिले असते तर मी पट्टी सोडली असती. माझे हात सोडायच्या तयारीत होते, ते मला कळत होतं.

"शब्बीरभाई," मी म्हटलं, "पान्हे आणा. पहिलं पातं उतरवायचं."

शब्बीरभाई जवळ आले. "मॅडम, आता? ट्रक तर उद्या येणार. एकदा काढलं की मग आज काहीच नाही होत."

"म्हणूनच काढायचं."

मी वर चढले. पहिली पिन तीनदा निसटली. दोन पिना निघाल्या की पातं मोकळं होतं, पण ते साडेचार-पाच मीटर लांब. उतरवायला तीन माणसं लागतात. मी मुळाशी, शब्बीरभाई मध्ये. टोकाला कुणी नव्हतं. मी रणदिव्यांना हाक मारू शकत नव्हते. ते आपणहून आले. पावसात उभे राहून त्यांनी पात्याचं टोक खांद्यावर घेतलं आणि आम्ही ते वऱ्हांड्यात नेऊन ठेवलं. डॉक्टर जीपमध्ये बसले होते. त्यांनी गाडी वळवली आणि निघून गेले.

पाच वाजता वायरलेसवर निरोप आला की ती आहे, बोलते आहे, पाणी मागते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला आला की गेली. मूलही. तिचं नाव मैनी होतं, हे मला तेव्हा कळलं. निरोप घेणाऱ्या पोलिसानं ते वहीत लिहिलं होतं.

ट्रक सव्वानऊला आला. आम्ही तिन्ही पाती बदलली, तासभर पंखा फिरवून तोल बघितला. अडीच वाजता मी सही केली. नव्या पात्यांवर पहिल्या फेरीत कंपनं मोजायची असतात म्हणून मीही बरोबर बसले. तांदळाची पोती आणि औषधांची खोकी भरली. रणदिवे म्हणाले, "येरमगुड्यापासून सुरुवात करू." मी पट्टा बांधला.

गावाबाहेरच्या माळावर आम्ही उतरलो. पंखा थांबेपर्यंत माणसं लांब उभी होती. मग त्यांच्यातून एक जण पुढे आला. तिशी ओलांडलेला, अंगानं बारीक, पांढरा शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. तो रणदिव्यांसमोर उभा राहिला.

"मी लालसू मट्टामी. इथल्या शाळेवर शिक्षक आहे. काल हेलिकॉप्टर येणार होतं."

"हो," रणदिवे म्हणाले.

"आम्ही इथे माळावर चुन्याची खूण केली होती. सकाळपर्यंत थांबलो."

रणदिव्यांनी माझ्याकडे हात केला. "या अभियंता आहेत. यांना विचारा."

गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मी उत्तर पाठ करून आले होते: पात्यांमध्ये दोष असण्याची शक्यता होती, कंपनीचा आदेश होता, नियमानुसार उड्डाण करता येत नव्हतं. मी सुरुवात केली.

"गुरुजी, हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये..."

"मोडलं होतं का?"

"तडा होता," मी म्हटलं.

रणदिव्यांनी मान वर केली.

"तडा होता. वर गेल्यावर पातं तुटलं असतं. तुम्ही सगळेच गेला असता. तुम्ही, डॉक्टर, पायलट."

गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "असं आहे होय. मग तुम्ही काय करणार."

ते मागे गेले आणि जमलेल्या लोकांना माडिया भाषेत सांगू लागले. मला शब्द कळत नव्हते, पण त्यांनी हातानं पंखा फिरवून दाखवला आणि मग तळहात उलटा करून खाली आणला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हातारी त्यांच्यातून आली, माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलली.

"ही मैनीची आई," गुरुजी म्हणाले. "म्हणते, जावई वाचला, तुम्ही वाचवला. पोरीचं व्हायचं होतं ते झालं."

परतताना आम्ही नदी पार केली. मग कानावरच्या हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला.

"तडा होता?"

"माहीत नाही."

"मग तसं का सांगितलंत?"

मी कंपनांचे आकडे वहीत लिहीत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर कामापुरतं सोडून आम्ही बोललो नाही.

यादीतली दोन्ही पाती तपासणीसाठी गेली. मी रोज मनात म्हणायची, तडा असू दे. पात्यात तडा निघावा म्हणून कुठल्या अभियंत्यानं देवाला नवस बोलला असेल तर तो मी. रात्री डोळे मिटले की गुरुजींचा उलटा तळहात खाली येताना दिसायचा. झोपेत मी शिडीवर असायची आणि मागून कुणी तरी पाणी मागत असायचं.

डिसेंबरमध्ये अहवाल आला. दोन्ही पाती निर्दोष होती. आतले थर शाबूत, मूळ शाबूत. जगभरातून काढलेल्या दोनशे अठरा पात्यांपैकी चारांमध्ये तडा सापडला होता. आमची त्यात नव्हती.

मी अहवाल रणदिव्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे मी गेलो असतो आणि तिला घेऊन आलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"आणि मग पुढच्या वेळीही असाच गेलो असतो." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "तुम्ही पातं उतरवलंत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पुसाळकर. तेव्हाही फार नव्हतं. पण त्या माणसाला जे सांगितलंत, त्याचं काय करणार आहात?"

फेब्रुवारीत मी चार दिवसांची रजा काढली. नागपूरहून एसटीनं भामरागड, तिथून एका कंत्राटदाराच्या जीपनं नदीपर्यंत. पर्लकोटेला पोटरीइतकं पाणी होतं. चपला हातात घेऊन मी ती पार केली. गुरुजी शाळेच्या अंगणात मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. मुलांना सोडलं, खुर्ची आणली, पाणी दिलं.

मी पाणी प्यायच्या आधीच बोलले. थांबले असते तर बोलणं झालं नसतं.

"गुरुजी, पात्यांमध्ये तडा नव्हता. अहवाल आलाय. हेलिकॉप्टर येऊ शकलं असतं."

हातातली छडी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, होता."

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं. असू शकत होता, एवढंच माहीत होतं. मी खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही विचारलंत, मोडलं होतं का. तुम्हाला नक्की काहीतरी हवं होतं. आणि मलाही."

ते उठले आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाठमोरे. मी खुर्चीत बसून राहिले. दहा मिनिटं गेली असतील. परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज वर्गात असतो तसाच होता.

"तिच्या आईला भेटायचं आहे का?"

"तिलाही सांगायचं आहे. तुम्ही तिच्या भाषेत सांगाल का?"

"चला."

म्हातारी घरापुढे मोह वाळवत बसली होती. आम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मी मराठीत एकेक वाक्य बोलले. पात्यात तडा नव्हता. मला तेव्हा खरं माहीत नव्हतं, तरी मी तसं सांगितलं. हेलिकॉप्टर आलं असतं तर मैनी वाचली असती. गुरुजी प्रत्येक वाक्यानंतर खाली बघत बोलत होते. म्हातारी ऐकत होती, मध्येच मान हलवत होती. शेवटी ती हसली. दात नव्हते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, आत गेली आणि पानांच्या द्रोणात आंबील घेऊन आली. मी ते प्याले. मला वाटलं, हिनं मला माफ केलं. इतकं सोपं होतं, आणि मी सहा महिने झोपले नव्हते.

गुरुजी नदीपर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हटलं, "ती किती मोठ्या मनाची आहे."

ते चालत राहिले.

"गुरुजी, तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं, की बाई तुझी तब्येत विचारायला नदीतून चालत आली आहे. तुझी आठवण काढत होती म्हणते. मुलीची आठवण काढत होती म्हणते."

मी थांबले. तेही दोन पावलं पुढे जाऊन थांबले.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही."

"पण मी त्यासाठीच आले होते."

"तुम्हाला सांगून मोकळं व्हायचं होतं. तिनं ऐकून काय करायचं होतं? ती रोज त्या माळावरून लाकडं आणायला जाते. आज जाते, कारण तिला वाटतं, हेलिकॉप्टर आलं असतं तर जावईही मेला असता. उद्या कशी गेली असती?" ते शांतपणे बोलत होते. "तुम्ही एकदा बोललात. मी गावाला सांगितलं, तिच्या भावांना सांगितलं, माझ्या थोरल्या मुलीला सांगितलं. आता ते परत घेता येत नाही. ते मी सांभाळीन. तुम्हीही सांभाळा. ती आहे तोवर कुणालाच सांगू नका."

पाण्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दुसरं काही करता आलं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मला तेव्हा जेवढं माहीत होतं, तेवढ्यात नाही."

"आज हे खरं बोलता ना?"

"हो."

ते माझ्याकडे नीट बघत राहिले, त्या माळावर बघितलं होतं तसं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. आपण ज्याला एकदा खोटं सांगितलं, त्याच्यासमोर खरं सांगताना आपलाच आवाज आपल्याला खोटा वाटतो. मी पाण्यात उतरले. पलीकडे पोचून वळून बघितलं तर ते गेले होते.

पुढे मी ती कंपनी सोडली. पुण्यात शिकवायला लागले. इतक्या वर्षांत किती तरी मुलांना सांगितलं की आदेश आला की पातं उतरवायचं, वाजवून बघत बसायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. ते सगळं खरं आहे. येरमगुड्याचं नाव मी त्यांच्यासमोर कधी घेतलं नाही.

दर पावसाळ्यात गुरुजींचं पोस्टकार्ड यायचं. दोन-तीन ओळी. पूर आला किंवा आला नाही. शाळेत इतकी मुलं आहेत. आणि शेवटी नेहमी: 'मैनीची आई तुमची चौकशी करते. तुम्हाला बरं असो म्हणते.' ती ओळ वाचून झाली की मी कार्ड पालथं ठेवायची. उत्तर लिहायची: मी बरी आहे, त्यांना सांगा.

या वर्षीचं कार्ड पावसाळ्याआधीच, मे महिन्यात आलं. अक्षर थोडं हललेलं होतं.

'मैनीची आई गेल्या सोमवारी वारली. त्रास झाला नाही. आता तुम्हाला कुणाला सांगायचं असेल तर सांगा. लालसू मट्टामी.'